इन्शुलिनचे तंतू बनताना क्ष-किरणांना काय दिसतं?

इन्शुलिनच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या कागदावर बारीक अक्षरांत एक सूचना असते: नितळ इन्शुलिन गढूळ झालं, त्यात कण किंवा धागे दिसले, तर वापरू नका. (काही इन्शुलिनं मुळातच दुधाळ असतात, त्यांची गोष्ट वेगळी.) बहुतेक घरांत तो कागद न वाचताच कचऱ्यात जातो. पण त्या एका ओळीमागे कित्येक दशकं शास्त्रज्ञांना छळणारा प्रश्न आहे. पाण्यात सुटे वावरणारे प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून लांबलचक तंतू कसे तयार करतात? आणि सुटा रेणू ते तंतू या वाटेवर मध्ये काय काय बनतं?

खरी मेख या ‘मध्ये’ मध्येच आहे. तयार तंतू टिकाऊ असतो. तो वाळवता येतो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतो, त्याचे फोटो निघतात. सुटा रेणूही चांगला ओळखीचा. मधली जुळवाजुळव मात्र थोडाच वेळ टिकते, तिचं प्रमाण कमी असतं आणि ती वेगळी काढायला जावं तर मोडते. तिला द्रावणातून बाहेर न काढता, आहे तिथेच बघायचं तर फार थोडी साधनं हाताशी आहेत. त्यांतलं एक म्हणजे लघुकोन क्ष-किरण प्रकीर्णन. नाव जड आहे. प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सॅक्स’ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

तंतूत असतं काय

इन्शुलिन हे तसं छोटं प्रथिन. ५१ अमिनो आम्लं, दोन साखळ्या आणि गंधकाचे तीन बंध. नेहमीच्या कुपीत त्याचे बरेचसे रेणू जस्ताच्या आधाराने सहा-सहाचे गट करून राहतात. गटात असेपर्यंत काळजी नसते. गट सुटून एकटा रेणू मोकळा झाला की धोका सुरू होतो. उष्णता, आम्ल, जोरजोरात हलवणं, नळीचं प्लास्टिक, अगदी कुपीतल्या हवेचा पाण्याला लागलेला पृष्ठभाग, यांपैकी काहीही रेणूची घडी सैल करू शकतं. घडी सैल झाली की पाणी टाळून आत बसलेले तेलकट भाग उघडे पडतात आणि दुसऱ्या रेणूच्या तशाच उघड्या भागांना जाऊन चिकटतात.

पण हे चिकटणं नेहमी गचाळ नसतं. कित्येकदा ते विलक्षण शिस्तीत होतं. साखळीचे सरळ ताणलेले तुकडे एकाशेजारी एक, तंतूच्या लांबीला काटकोनात रचले जातात. शेजारच्या दोन तुकड्यांमधलं अंतर सुमारे ०.४७ नॅनोमीटर. अशा तुकड्यांचे थर बनतात आणि दोन थरांमध्ये साधारण १ नॅनोमीटर अंतर राहतं. हे दुसरं अंतर प्रथिनागणिक थोडं कमी-जास्त होतं, पहिलं जवळजवळ होत नाही. तयार तंतू जेमतेम १० नॅनोमीटर जाड आणि हजारो नॅनोमीटर लांब. या रचनेला अमायलॉइड म्हणतात. अल्झायमरमधलं अमायलॉइड बीटा, पार्किन्सनमधलं अल्फा-सिन्युक्लिन, हृदयात साचणारं ट्रान्सथायरेटिन ही प्रथिनं एकमेकांशी कसलंही नातं न सांगणारी, पण त्यांच्या तंतूंत हीच रचना सापडते.

मग प्रयोगाला इन्शुलिनच का? ते शुद्ध मिळतं, मुबलक मिळतं, आणि आम्लात गरम केलं की काही तासांत हमखास तंतू देतं. शिवाय त्याचे तंतू स्वतःही उपद्रवी आहेत. इन्शुलिन पंपाच्या बारीक नळ्या त्यांनी तुंबतात. रोज त्याच जागी सुई टोचली तर कातडीखाली इन्शुलिनच्याच अमायलॉइडची गाठ धरल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत, आणि अशा गाठीत टोचलेलं इन्शुलिन अंगात नीट शोषलं जात नाही. जागा बदलत राहा असं डॉक्टर सांगतात, त्याला इतर कारणांबरोबर हेही एक कारण आहे.

आधी अंडं, मग रुग्णांच्या ऊती

या रचनेची पहिली खूण क्ष-किरणांनीच दाखवली, आणि तीही अंड्याच्या पांढऱ्यात. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी लोकरीच्या तंतूंचा अभ्यास करत होते. गाव कापडगिरण्यांचं, त्यामुळे विषय ओघानेच आलेला. १९३५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शिजवलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाची पट्टी ताणून क्ष-किरणांसमोर धरली. फिल्मवर उमटलेले पट्टे ताणलेल्या लोकरीच्या पट्ट्यांशी जुळत होते, पण दिशा काटकोनात फिरलेली होती. म्हणजे साखळ्या ताणाच्या दिशेने धावत नव्हत्या, आडव्या बसल्या होत्या. त्या वेळी याचा रोगांशी संबंध जोडण्याचं कुणाला कारणच नव्हतं. १९६८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत इन्स आणि ग्लेनर यांनी रुग्णांच्या ऊतींमधून काढलेल्या अमायलॉइड तंतूंवर क्ष-किरण टाकले, तेव्हा पुन्हा तीच आडवी रचना समोर आली.

असा फोटो काढायचा तर तंतू एका दिशेत लावून घ्यावे लागतात. त्याची एक युक्ती इतकी साधी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. काचेच्या दोन केशनळ्यांची टोकं मेणाने बंद करायची, ती समोरासमोर एक-दोन मिलिमीटरवर धरायची आणि मधल्या फटीत तंतूंच्या द्रावणाचा एक थेंब लटकता ठेवायचा. थेंब सुकत जातो तसे तंतू दोन टोकांच्या मध्ये ओढले जाऊन एका रांगेत येतात. उरलेल्या चिमुकल्या काडीवर किरण टाकला की तंतूच्या दिशेने ०.४७ नॅनोमीटरची ठसठशीत खूण मिळते आणि आडव्या दिशेने १ नॅनोमीटरची पसरट खूण. आजही नव्या प्रथिनाचा तंतू अमायलॉइड आहे का, हे सांगताना या दोन खुणांना मोठा मान आहे.

पण थेंब सुकवला की वाट बघण्यासारखं काही उरत नाही. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

लहान कोनात मोठी वस्तू

पातळ ढगाआड चंद्र असला की त्याला खळं पडतं. चंद्राला अगदी लागून जे फिकट रंगीत खळं दिसतं, ते ढगातल्या पाण्याच्या थेंबांवरून प्रकाश पसरल्यामुळे पडतं. थेंब जितके बारीक, तितकं हे खळं मोठं. थेंब मोठे असतील तर ते आकसून चंद्राजवळ येतं. म्हणजे एकही थेंब डोळ्यांना दिसत नसताना खळ्याच्या आकारावरून थेंबाचं माप काढता येतं. सॅक्सचं तत्त्व हेच. चंद्राच्या जागी क्ष-किरणांचा बारीक झोत, थेंबांच्या जागी प्रथिनाचे रेणू. या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१ नॅनोमीटरच्या आसपास आणि रेणू त्याच्या दहापट-शंभरपट मोठे. त्यामुळे त्यांनी विखुरलेले किरण मूळ झोतापासून एखाद-दोन अंशांच्या आतच राहतात. नावातला ‘लघुकोन’ तो हाच.

क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे, आणि इथेच पहिली अडचण येते. इलेक्ट्रॉन पाण्यातही आहेत: दर घन नॅनोमीटरला सुमारे ३३४. प्रथिनात त्याहून साधारण पावपट जास्त. जे काही कळणार ते या पावपट फरकातून, आणि द्रावणात प्रथिन असतं दर मिलिलिटरला काही मिलिग्रॅम. म्हणून प्रत्येक मोजणी दोनदा करावी लागते. एकदा प्रथिनासह, एकदा तेच द्रावण प्रथिनाशिवाय, त्याच नळीत, त्याच तापमानाला. पहिल्यातून दुसरं वजा करून उरतं ते प्रथिनाचं. मिठाच्या प्रमाणात किंचित फरक पडला तरी वजाबाकी बिघडते. माझ्या मते सॅक्समधलं निम्मं कसब या वजाबाकीतच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी कौतुकाने बोलत नाही.

मांडणी मात्र बघायला साधी असते. सुमारे मिलिमीटरभर रुंदीची काचेची नळी, तिच्यात काही दहा मायक्रोलिटर द्रावण. नळीच्या पुढे काही मीटर लांब, हवा काढून टाकलेला पाइप, कारण आत हवा राहिली तर तीही किरण विखुरते. पाइपाच्या टोकाला डिटेक्टर, आणि त्याच्या अगदी मधोमध धातूचा छोटा अडसर, कारण न विखुरता सरळ आलेला झोत डिटेक्टर जाळू शकतो. हाती येतं एक गोल, मध्याकडे गडद होत जाणारं चित्र. द्रावणात रेणू सगळ्या दिशांना तोंड करून असल्यामुळे वर्तुळावर कुठेही तीव्रता सारखीच. म्हणून चित्राची सरासरी काढून एकच वक्ररेषा ठेवतात: मध्यापासून दूर जाताना तीव्रता कशी उतरते.

एका वक्ररेषेत किती मावतं

रेषेचा अगदी सुरुवातीचा भाग रेणूचं आकारमान सांगतो. फ्रान्सच्या आंद्रे गिनिए यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीला दाखवलं की लहान कोनांपुरती तीव्रतेचा लॉगॅरिथम आणि कोनाचा वर्ग यांचा आलेख सरळ रेषा देतो. उतार जितका तीव्र, तितका रेणू मोठा. रेषा शून्याजवळ वर वळली तर समजावं की द्रावणात कुठेतरी गुठळ्या आहेत.

तीच रेषा मागे ओढत शून्य कोनापर्यंत नेली की वजन कळतं, आणि तंतूंच्या अभ्यासासाठी हा भाग सगळ्यांत कामाचा. एका रेणूने विखुरलेल्या तरंगाची उंची १ धरा. सहा रेणू एकत्र येऊन एकच कण झाला तर शून्य कोनात सहाही तरंग एका लयीत येतात आणि उंची ६ होते. डिटेक्टर मोजतो तीव्रता, म्हणजे उंचीचा वर्ग: ३६. मात्र कणांची संख्या आता सहावा हिस्सा राहिली. छत्तीस भागिले सहा, म्हणजे प्रथिन तेवढंच असून संकेत सहापट. रेणू जुळायला लागले की रेषेचं डोकं वर उचललं जातं. रंग घालावा लागत नाही, रेणूला खूण चिकटवावी लागत नाही.

हा गुण अंगाशीही येतो. समजा, प्रथिनातला फक्त १ टक्का भाग हजार-हजार रेणूंच्या गुठळ्यांत अडकला. उरलेल्या ९९ टक्क्यांपेक्षा तो १ टक्का शून्य कोनात दहापट जास्त उजळ दिसेल. म्हणून नमुना मोजण्याआधी तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतात. सुरुवातीलाच केर असेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

रेषेचा मधला भाग घडण सांगतो. लांब, सडपातळ काडी असेल तर तीव्रता कोनाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. गोटीसारख्या भरीव कणाची पुढच्या टप्प्यात कितीतरी झपाट्याने कोसळते. इन्शुलिन तापत असताना दर काही मिनिटांनी मोजत राहिलं तर रेषेचा तोंडवळा कसा बदलतो हे पडद्यावर दिसतं. तंतू बरेच लांबले की मात्र लांबी सॅक्सच्या आवाक्याबाहेर जाते. तेवढा लहान कोन त्या अडसरामागेच लपलेला असतो. तिथून पुढे कळते ती फक्त जाडी.

गर्दीतून एकेकाला ओळखणं

तंतू बनताना मोजण्याची जुनी, स्वस्त पद्धत म्हणजे थायोफ्लेविन-टी हा रंग. तंतूला चिकटला की तो चमकतो. आलेख ठरलेला: बराच वेळ काहीच नाही, मग झपाट्याने चढ, मग सपाटी. त्या ‘काहीच नाही’च्या काळात द्रावणात काय चाललंय याबद्दल हा रंग जवळजवळ गप्प असतो.

सॅक्स गप्प राहत नाही, उलट सगळं एकदम बोलतं. कुठल्याही क्षणी मिळणारी रेषा ही सुटे रेणू, मधले गट आणि तंतू या सगळ्यांच्या रेषांची बेरीज असते, प्रत्येकाचं वजन त्या क्षणीच्या प्रमाणानुसार. बेरीज माहीत आहे, घटक सांगा, हे गणित तसं सुटत नाही. हजार उत्तरं निघतील. पण वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या अनेक रेषा हाताशी असल्या की वाट निघते. पहिल्यांदा गणिताने तपासायचं की या सगळ्या रेषा समजावून सांगायला कमीत कमी किती मूळ रेषा लागतात. दोन पुरल्या, तर द्रावणात सुटा रेणू आणि तंतू एवढंच आहे. तीन लागल्या, तर तिसरं कुणीतरी आहे.

२००७ मध्ये कोपनहेगनच्या बेंटे वेस्टरगार्ड आणि हॅम्बर्गचे दिमित्री स्वेर्गुन यांच्या गटांनी इन्शुलिनवर नेमकं हेच केलं. डेन्मार्कमध्ये इन्शुलिन हा मोठा उद्योग आहे, आणि हॅम्बर्गला सिंक्रोट्रॉन, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणारं अवाढव्य यंत्र, तर होताच, शिवाय सॅक्सच्या रेषांवरून आकार काढणारी संगणकप्रणाली लिहिणारे स्वेर्गुनही होते. उत्तर आलं तीन. एक सुटा रेणू, दुसरा तयार तंतू आणि तिसरा पाच-सहा रेणूंचा गट. बेरजेतून या तिसऱ्याची रेषा वेगळी काढून तिच्यावरून आकार बांधला, तर तो मळसूत्रासारखा पीळ असलेला निघाला. या गटाचं प्रमाण आणि तंतू वाढण्याचा वेग यांची सांगड घालून त्यांनी मांडलं की तंतू एकेक सुटा रेणू जोडून वाढत नसावा, हे पाच-सहाचे गट जोडून वाढत असावा.

या निष्कर्षातला ‘असावा’ नजरेआड करू नये. सॅक्सच्या रेषेवरून काढलेला आकार म्हणजे फोटो नव्हे. संगणक बारीक गोळ्यांचा ढीग रचतो, त्याची रेषा मोजलेल्या रेषेशी ताडून बघतो, गोळे हलवतो, पुन्हा ताडतो. दोन वेगळे आकार अगदी जवळच्या रेषा देऊ शकतात, म्हणून हाच खेळ अनेकदा खेळून पुन्हा पुन्हा काय येतं ते बघतात. एक गोष्ट तर या पद्धतीला तत्त्वतःच कळत नाही: वस्तू आणि तिचं आरशातलं प्रतिबिंब यांची रेषा हुबेहूब एकच असते. पीळ आहे हे कळलं, पण तो डावा की उजवा हे या रेषेवरून कुणी सांगू शकणार नाही.

त्याच वाटेने २०११ मध्ये वेस्टरगार्ड, स्वेर्गुन आणि डॅनियल ओत्झेन यांच्या गटाने पार्किन्सनमधल्या अल्फा-सिन्युक्लिनचा मधला गट पकडला. तो निघाला कड्याच्या आकाराचा, आणि पेशीच्या आवरणासारख्या पडद्यांना भगदाड पाडणारा. या शोधाला इतकं महत्त्व का, तर मेंदूचं नुकसान तयार तंतूंपेक्षा हे छोटे, हिंडते-फिरते गट जास्त करत असावेत, असं मानणारे संशोधक बरेच आहेत.

किरणच खोडी काढतो तेव्हा

सिंक्रोट्रॉनचा झोत एवढा प्रखर असतो की मोजणी सेकंदात किंवा त्याहून कमी वेळात उरकते. पण तोच झोत पाण्याचे रेणू फोडतो, त्यातून तयार झालेले मुक्त मूलक (दिसेल त्याच्याशी अभिक्रिया करणारे रेणूंचे तुकडे) प्रथिनावर तुटून पडतात, आणि प्रथिनं एकमेकांना चिकटायला लागतात. रेणू का चिकटतात हे बघायला जावं आणि आपणच ते चिकटवत बसावं, अशी गत. म्हणून द्रावण नळीतून सतत वाहतं ठेवतात, म्हणजे एकच थेंब किरणाखाली फार वेळ राहत नाही. शिवाय लागोपाठ अनेक छोट्या मोजण्या घेऊन त्या एकमेकींवर ठेवून बघतात. नंतरची रेषा आधीच्या रेषेपेक्षा डोकं वर काढू लागली की तिथून पुढच्या सगळ्या रद्द.

आपल्याकडे असं काम करायला इंदूरला जावं लागतं. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन आहे, परीघ सुमारे १७२ मीटर. त्यावर लहान आणि मोठ्या कोनांतल्या प्रकीर्णनासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली किरणवाहिनी आहे. मुंबईतच, तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीवर हेच मोजमाप न्यूट्रॉन वापरून होतं. न्यूट्रॉन प्रथिनाला क्ष-किरणांसारखी इजा करत नाहीत, आणि साध्या पाण्याच्या जागी जड पाणी घेतलं की प्रथिन पाण्यापासून कितीतरी ठळक उठून दिसतं. त्यांचा झोत दुबळा, त्यामुळे मोजणीला वेळ लागतो. झटपट बदलणाऱ्या गोष्टींना तो पुरा पडत नाही.

अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आता चित्र बरंच पालटलंय. २०१७ मध्ये केंब्रिजमध्ये अल्झायमर रुग्णाच्या मेंदूतून काढलेल्या, टाऊ नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची रचना जवळपास अणूंच्या पातळीवर उलगडली, आणि सॅक्सला तेवढं बारीक कधीच दिसणार नाही. पण त्यासाठी नमुना क्षणात गोठवावा लागतो, आणि एकसारख्या आकाराचे पुष्कळ कण हवे असतात. कोमट द्रावणात पाच-सहा रेणू जुळून पुन्हा सुटतायत, त्यांचं प्रमाण दर मिनिटाला बदलतंय, अशा गोष्टी मोजायला अजूनही तीच मिलिमीटरभर नळी लागते. औषध कंपन्याही तिचा उपयोग करतात. इन्शुलिनच्या नव्या मिश्रणात जस्त किंवा फिनॉल (इन्शुलिन टिकावं म्हणून घालतात ते रसायन) कमी-जास्त केल्यावर सहाचे गट टिकतात की सुटतात, हे रेषेच्या सुरुवातीच्या उतारावरून त्याच दिवशी कळतं. कुपीत धागे दिसेपर्यंत महिनोन्‌महिने वाट बघावी लागत नाही.